सकाई पाहू

मंडळी, या शनिवारचा विषय जरा आडवळणाचा आहे. गेले दोन वीकेंड मी एका डॉक्टरांच्या छापून आलेल्या शोधनिबंधांच्या मागे लागलोय. डॉक्टर माझ्या ओळखीचे नाहीत, मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. आणि मी स्वतः दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, वैद्यकशास्त्राशी माझा संबंध बारावीच्या बायोलॉजीपुरता. तरीही रात्री दीड वाजेपर्यंत जागून हे सगळं का वाचलं, ते सांगतो.

तर झालं असं. आमच्या कंपनीत दरवर्षी हेल्थ चेकअप असतो. फुकटचा नाश्ता मिळतो म्हणून सगळे उत्साहाने जातात. यंदा तिथल्या डॉक्टरबाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"आजोबांना. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

आता या 'बहुतेक'चं काय उत्तर देणार? आमच्या आबांचा ईसीजी कधी निघालाच नाही. २००३ सालचा नोव्हेंबर. वरूडला आमच्या बागेत आंबिया बहाराचा तोडा चालू होता. मी सहा वर्षांचा. आबा दिवसभर बागेत संत्र्याच्या ढिगापाशी उभे होते. रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळायला लागलं, अंगाला दरदरून घाम सुटला. आजी म्हणाली, "काहून हो, घाम कायचा आला येवढा?" आबा म्हणाले, "काई नाई, वारा धरला असन. सकाई पाहू."

पहाटे साडेचारला आजीने सगळ्यांना उठवलं तेव्हा पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबा ५६ वर्षांचे होते. गावात सगळे म्हणाले, 'अटॅक आला.' तेवढंच आमच्या घराण्याचं हृदयविकाराचं रेकॉर्ड.

चेकअपवरून परत येताना डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. आबा त्या रात्री निघाले असते तर काय झालं असतं? हा भावनिक प्रश्न नव्हता, किंवा निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. मला आकडा हवा होता. उशिराची किंमत किती? आम्ही सर्व्हरचा प्रत्येक मिलिसेकंद मोजतो. माणसाच्या छातीत दुखायला लागल्यापासून सुई टोचेपर्यंतचा वेळ कुणी मोजला असेलच की! आणि मोजला असेल तर आपल्याकडे, आपल्या माणसांवर मोजलाय का?

शोधता शोधता दोन निबंध हाती लागले. एक २००७ सालचा, 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातला. दुसरा २००८ सालचा, 'लॅन्सेट'मधला. दोन्हींमध्ये एक नाव सारखं होतं: जोशी पी. आणि पहिल्या निबंधात नावाखाली पत्ता होता, मेडिसिन विभाग, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर.

आता विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. या कॉलेजला आमच्याकडे नुसतं 'मेडिकल' म्हणतात. 'नागपूरले मेडिकलले नेलं' हे वाक्य ऐकलं की वरूड-मोर्शीकडचा माणूस पुढचं समजून जातो. सीरियस आहे, आणि खाजगीत न्यायला पैसे नाहीत. १९४७ साली सुरू झालेलं हे कॉलेज. तिथल्या डॉ. प्रशांत जोशींचं नाव जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पहिलं लेखक म्हणून छापलेलं बघून मला जो आनंद झाला, तो मी इथे लपवणार नाही.

(पबमेडवर नुसतं 'जोशी पी' शोधू नका मात्र. देशातले सगळे प्रकाश, प्रमोद, प्रिया आणि प्रशांत जोशी एकाच रांगेत उभे राहतात. डुप्लिकेट नावांचा प्रश्न आम्ही आयटीवाल्यांनीच निर्माण केलाय असं वाटत होतं, पण नाही :) )

पण हे दोन निबंध कळायला आधी थोडं मागे जावं लागेल. गुठळीच्या गोष्टीपर्यंत.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. हा थर एक दिवस फाटतो. शरीराला वाटतं जखम झाली, आणि जखम झाली की शरीर जे करतं तेच ते इथेही करतं: रक्त गोठवतं. आधी प्लेटलेट्स चिकटतात, मग फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं त्यावर विणलं जातं. बोट कापल्यावर जी गुठळी आपला जीव वाचवते, तीच इथे धमनी बंद करते. पुढचा स्नायू उपाशी राहतो आणि मिनिटामिनिटाने मरत जातो.

आज हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते ठरायला जवळजवळ ७० वर्षं गेली. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी लिहिलं की हृदयाची धमनी अचानक बंद झाली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही, तो काही काळ जगू शकतो आणि म्हणून हा आजार ओळखता येतो. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढची कित्येक दशकं उपचार म्हणजे अंथरुणावर आठवडेच्या आठवडे पडून राहणं. १९७० च्या दशकातही तज्ज्ञांमध्ये वाद चालूच होता: गुठळीमुळे अटॅक येतो, की अटॅक आल्यावर गुठळी होते? आमच्या भाषेत, हे मूळ कारण आहे की नुसतं लक्षण?

हा वाद मिटवला १९८० साली अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या डॉ. मार्कस डीवूड यांनी. त्यांनी अटॅक चालू असतानाच पेशंटची अँजिओग्राफी केली. त्या काळी हे धाडसाचं काम होतं. पहिल्या चार तासांत आलेल्या पेशंटपैकी ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद सापडली. १२ ते २४ तासांनी आलेल्यांत हेच प्रमाण ६५ टक्के होतं. म्हणजे गुठळी सुरुवातीला असते आणि नंतर काही जणांत ती आपोआप विरघळते. पण तोवर स्नायू गेलेला असतो. जेवण आलं, पण जेवणारा उठून गेला!

मग गुठळी आपणच लवकर विरघळवली तर?

गंमत म्हणजे विरघळवणारं औषध तोवर जवळजवळ ५० वर्षं पडून होतं. १९३३ साली विल्यम टिलेट यांच्या लक्षात आलं होतं की घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारा पदार्थ आहे. तोच पुढे स्ट्रेप्टोकायनेज या नावाने ओळखला गेला. १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तो हृदयविकाराच्या पेशंटना देऊनही पाहिला गेला. नंतर वीसेक वर्षं छोट्या छोट्या चाचण्या होत राहिल्या. कुठे फायदा दिसे, कुठे नाही. शंभर-दोनशे पेशंटच्या चाचणीत दर शंभरात दोन-तीन जीव वाचल्याचा फरक दिसणारच कसा? सँपल साइज कमी पडत होती, एवढीच गोष्ट.

इथे केरळातल्या कोट्टारकरा गावचा एक मुलगा गोष्टीत येतो. सलीम युसुफ. बंगलोरच्या सेंट जॉन्समधून डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेला. १९८५ साली त्यांनी, रोरी कॉलिन्स आणि रिचर्ड पेटो यांच्यासोबत, तोवरच्या या सगळ्या विखुरलेल्या चाचण्यांची बेरीज मांडली. एकत्र पाहिल्यावर दिसलं की मृत्यू पाचव्या हिश्श्याच्या आसपास कमी होतात. औषध चालत होतं. चाचण्या लहान होत्या.

मग मोठ्या चाचण्या आल्या. १९८६ साली इटलीत 'जिसी' चाचणी झाली, ११ हजारांवर पेशंट. स्ट्रेप्टोकायनेज न मिळालेल्यांत १३ टक्के मृत्यू, मिळालेल्यांत १०.७ टक्के. पण खरी गोष्ट सरासरीत नव्हती. ज्यांना पहिल्या तासाभरात औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जसजसा उशीर, तसतसा फायदा कमी. १९८८ साली 'आयसिस-२' आली, १७,१८७ पेशंट. इथे स्ट्रेप्टोकायनेजसोबत साध्या ॲस्पिरिनचीही परीक्षा झाली. दोन्ही न मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्के, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. त्यातलं एक औषध आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये काही पैशांत मिळणारी गोळी होती.

आयसिस-२ चा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. संपादकांनी लेखकांना सांगितलं, पेशंटचे वेगवेगळे गट पाडून प्रत्येक गटाचा निकाल द्या. लेखकांना ठाऊक होतं की असे गट पाडत गेलं की काहीतरी विचित्र सापडणारच. त्यांनी गट दिले, आणि सोबत राशींप्रमाणेही गट पाडले. निघालं काय? ॲस्पिरिनचा सगळ्यांना फायदा होतो, फक्त मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना होत नाही! पाश्चात्त्य राशी हो, आपल्या चंद्रराशी नव्हेत, लगेच पत्रिका काढू नका. डेटाला जास्त छळलं की तो काहीही कबूल करतो, हे इतक्या सभ्य शब्दांत कुणी सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

इथवरचं सगळं शिकागो, स्पोकेन, इटली, ऑक्सफर्ड. वरूड कुठेच नाही. आपली माणसं या आकड्यांत कधी आली?

सलीम युसुफ पुढे कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात गेले, आणि तिथून त्यांनी 'इंटरहार्ट' नावाचा प्रचंड अभ्यास उभा केला. १९९९ ते २००३, ५२ देश. पहिला अटॅक आलेले १५,१५२ पेशंट आणि त्यांच्याच वयाचे, अटॅक न आलेले १४,८२० लोक. दोन्ही गटांना तेच प्रश्न, तीच मोजमापं. मग बघायचं की फरक कशात आहे. २००४ साली उत्तर छापून आलं: जगभर कुठेही जा, तीच नऊ कारणं. तंबाखू-सिगारेट, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं गणित, ब्लडप्रेशर, मधुमेह, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं, आणि दारूचं प्रमाण.

पण भारतीयांबद्दल एक शंका उरतच होती. आपल्याकडे अटॅक लवकर येतो, हे डॉक्टर कधीपासून बघत होते. मग आपलं रक्तच वेगळं आहे का? जीन्समध्येच काही आहे का? हा प्रश्न घेऊन डॉ. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरहार्टमधला दक्षिण आशियाचा डेटा वेगळा काढला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका. १५ केंद्रं, १,७३२ पेशंट, आणि तुलनेला २,२०४ लोक. हाच तो २००७ सालचा निबंध.

पहिला आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पहिल्या अटॅकचं सरासरी वय इतर देशांत ५८.८ वर्षं, आपल्याकडे ५३. जवळपास सहा वर्षं आधी. माझे बाबा नुकतेच ५३ चे झालेत.

पण मग पुढे येतो खरा निकाल. तेच नऊ घटक इथेही जवळजवळ तितकंच स्पष्टीकरण देतात: दक्षिण आशियात ८५.८ टक्के, इतरत्र ८८.२ टक्के. म्हणजे अटॅक लवकर येतो तो मुख्यतः रक्तात काही गूढ दोष आहे म्हणून नव्हे. तीच कारणं आपल्याला तरुण वयात गाठतात, म्हणून. निरोगी लोकांच्या तुलनेतही हे दिसतं. बऱ्यापैकी व्यायाम करणारे इतर देशांत २१.६ टक्के, आपल्याकडे ६.१ टक्के. रोज फळं आणि भाज्या दोन्ही खाणारे तिकडे ४५.२ टक्के, इकडे २६.५ टक्के.

फळांचा हा आकडा मी दोनदा वाचला. वरूडला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. आमच्याकडे बहारात घरात संत्र्यांवर पाय पडतो. पण चांगला माल ट्रकमध्ये जातो. घरात राहतो तो गळलेला नाहीतर डागी, आणि बहार सरला की तोही नाही. आबांनी आयुष्यभर फळं पिकवली. जेवणात मात्र भाकरी, तिखट वरण आणि जेवणानंतर खर्रा. निबंधातला तो टक्का आमच्या गावचा नाही, हे मला कळतं. तरी वाचताना आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलंच.

आता दुसरा निबंध. लॅन्सेट, २००८. 'क्रिएट' नावाची नोंदवही. भारतातल्या ५० शहरांतली ८९ हॉस्पिटलं. अटॅक किंवा त्याच्या जवळपासचा त्रास घेऊन आलेल्या २०,९३७ पेशंटची एक एक करून नोंद. पहिलं नाव बंगलोरच्या डॉ. डेनिस झेवियर यांचं, शेवटचं सलीम युसुफ यांचं, आणि मधल्या रांगेत नागपूरचे जोशी, मुंबईचे केरकर. लेखकांच्या यादीतलं मधलं नाव म्हणजे काय, हे मला आता कळतं. मोठ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा बदलांचा इतिहास काढून बघा. मथळ्यात एकच नाव असतं, पण काम शेकडो लोकांनी केलेलं असतं. इथे काम म्हणजे भरलेल्या ओपीडीत, एका पलंगावर दोन पेशंट असताना, कुणीतरी प्रत्येकाला विचारणं: "दुखायला कधी लागलं? नक्की किती वाजता?" आणि ते लिहून ठेवणं.

त्या लिहून ठेवण्यातून माझा आकडा मिळाला.

अटॅकच्या गंभीर प्रकारात ईसीजीवरचा एस.टी. नावाचा भाग वर उचललेला दिसतो. (एस.टी. म्हणजे महामंडळाची लाल गाडी नव्हे.) या प्रकारात धमनी सहसा पूर्ण बंद असते आणि गुठळी विरघळवायची घाई याच पेशंटना असते. नोंदवहीतले ६० टक्के पेशंट या प्रकारातले होते. त्यांना दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत यायला लागलेला वेळ: मधला आकडा ३६० मिनिटं. सहा तास. हा मध्यक आहे, म्हणजे निम्मे लोक याहूनही उशिरा आले. शेवटच्या पाव हिश्श्याला तर २२ तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागले. आणि दारातून आत आल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला? ५० मिनिटं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कुठल्याही ज्युनियर इंजिनियरला हा आलेख दाखवला तर तो सांगेल की अडलंय कुठे. सर्व्हरवर नाही, रस्त्यात. आणि रस्ता म्हणजे नुसता डांबरी रस्ता नव्हे. 'वारा धरला असन' हा रस्त्याचाच भाग आहे. रात्री जीपवाल्याला उठवायचा संकोच हाही. खर्च किती येईल ही भीती हाही.

त्याच सुमारास, २००१ ते २००४, भारत आणि चीनमधल्या ३४१ हॉस्पिटलांत गुठळी रोखणाऱ्या रेव्हिपॅरिन नावाच्या औषधाची चाचणी चालली होती. (तिचंही नाव क्रिएटच. नावं ठेवण्यात डॉक्टर आमच्याइतकेच वाईट.) १५,५७० पेशंट. त्यात वेळेची पायरी स्वच्छ दिसते. दोन तासांच्या आत औषध मिळालं तर दर हजारी ३० वाईट घटना टळल्या. दोन ते चार तासांत २१. चार ते आठ तासांत १६. आठ तासांनंतर फायदा दिसेना. आबांची ती नोव्हेंबरची रात्र बरोबर या चाचणीच्या काळातली. कुठल्या तरी वॉर्डात त्या रात्रीही कुणीतरी घड्याळ बघून वेळ लिहीत असेल.

लॅन्सेटच्या निबंधातला सगळ्यात बोचरा भाग मात्र अजून पुढे आहे. पेशंटची आर्थिक स्थितीही नोंदलेली होती. ३० दिवसांतले मृत्यू: श्रीमंतांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२ टक्के. का? गरिबांचे अटॅक जास्त मोठे होते म्हणून? लेखकांनी तपासून पाहिलं. गुठळी विरघळवणारं औषध मिळालं श्रीमंतांतल्या ६०.६ टक्क्यांना, गरिबांतल्या ५२.३ टक्क्यांना. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी ६१.२ टक्के, आणि ३६. अँजिओप्लास्टी १५.३ टक्के, आणि २. मग त्यांनी गणितात उपचारांमधला हा फरक बाजूला काढला, आणि मृत्यूंमधला फरक नाहीसा झाला. वय, मधुमेह, सिगारेट यातला फरक काढून तो जात नव्हता. उपचारांचा काढल्यावर गेला.

याचा साधा अर्थ असा की गरीब माणूस अटॅकने जास्त मरत होता, कारण त्याला औषध कमी मिळत होतं. त्यातली बरीचशी औषधं महाग मशीनची नव्हती, गोळ्या होत्या. हे कुठल्या मोर्चातलं भाषण नाही. लॅन्सेटमधला तक्ता आहे, आणि आपल्याच हॉस्पिटलांतल्या लोकांनी हाताने भरलेल्या फॉर्मांतून तो आलाय. एखाद्या संशोधकाने किती निबंध लिहिले हे मोजण्यापेक्षा, त्यातल्या एका ओळीमुळे काय नाकारता येईनासं झालं, ते मोजावं असं मला त्या रात्री वाटलं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या याद्यांत नाही, आणि ती लक्षात यायला मला दोन दिवस लागले. ३६० मिनिटं हा दारापर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे. इंटरहार्टमध्येही जे हॉस्पिटलात जिवंत पोचले त्यांनाच प्रश्न विचारले गेले. जे 'सकाई पाहू' म्हणून झोपले आणि उठले नाहीत, ते कुठल्याच तक्त्यात नाहीत. लॉगमध्ये त्यांची ओळच नाही, कारण रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत आलीच नाही. तेव्हा खरा उशीर किती, ते या आकड्यांतून कळतच नाही. आबा तिथे आहेत, त्या न लिहिलेल्या ओळींत.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर एका माणसाबद्दल आकडे काहीच सांगत नाहीत. आबा त्या रात्री निघाले असते तरी वरूडहून अमरावती मोर्शीवरून नव्वदेक किलोमीटर, नागपूरही साधारण तेवढंच. कदाचित मोर्शीच्या अलीकडेच गेले असते. कदाचित ते अजून असते, ७८ वर्षांचे, बागेत खुर्ची टाकून मजुरांवर ओरडत. शंभर आबा निघाले असते तर त्यातले काही परत आले असते, एवढंच शास्त्र सांगतं. आणि ते थोडं नाही.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्यात, हेही सांगायला हवं. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून पाऊण-एक तास चालायचं, आता टेनेक्टेप्लेज हे एका दमात देता येणारं इंजेक्शन आहे. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल तर आधी जवळ मिळेल तिथे गुठळी विरघळवा आणि मग पुढे पाठवा, असं आताची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नव्वद किलोमीटर लांबच्या गावासाठी हे वाक्य सोन्याचं आहे. पण या सगळ्याची सुरुवात कुणीतरी घरातून निघण्यापासून होते. ते अजूनही मशीनला जमत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी बाबांना हे सगळं सांगितलं. तक्ते दाखवले. ते म्हणाले, "हाव हाव, समजलं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी आईला वेगळं सांगितलं: छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, यातलं काहीही असलं तर घड्याळ बघायचं आणि निघायचं. सोडा नाही, चोळणं नाही. आणि गावात ईसीजी रात्री कुठे निघतो ते आजच विचारून ठेवायचं.

गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला आईचा फोन. बाबांच्या छातीत जळजळ, घाम. बाबा मागून ओरडत होते, "काई नाई झालं, सकाई पाहू!" आईने फोन चालू ठेवूनच शेजारच्या काकांची गाडी काढायला लावली. मी पुण्यात, हातात फोन, समोर घड्याळ. आयुष्यात कुठल्याही प्रॉडक्शन इश्यूला मी इतका घाबरलो नव्हतो.

फोन आल्यापासून चाळीस मिनिटांत ईसीजी निघाला. नॉर्मल. डॉक्टरांनी थांबवून ठेवलं, काही तासांनी पुन्हा काढला, रक्ताची तपासणी केली. सगळं ठीक. रात्रीची भजी होती.

सकाळी बाबांचा फोन आला. "तुह्यापायी अर्धी रात गेली लेका, साऱ्या मोहल्ल्याले जागवलं. अन् निघालं काय, तं गॅस!" शेजारचे काका मागे हसत होते. बाबा चांगलेच वैतागले होते. त्यांना तसं वैतागलेलं ऐकताना मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम दहा मिनिटं बोलणं लांबवलं.

असो. तुम्हीही आज घरी फोन करा. गावात रात्री ईसीजी कुठे निघतो आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, एवढंच विचारा. भेटू पुढच्या शनिवारी.